मिस्टर पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह: आता पुढं काय?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. मिस्टर तमिळनाडूत गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या) दुकानात असतात, वय ३६. दोन महिने ताप-खोकला होता, वजन फार उतरलं, म्हणून गावी आणलं. तपासणीत टीबी निघाला आणि एचआयव्ही पॉझिटिव्ह आले. टीबीची औषधं चालू झालीत, एचआयव्हीच्या गोळ्या पुढच्या आठवड्यात देतो म्हणालेत. माझी तपासणी निगेटिव्ह आली. मुलगी सात वर्षांची आहे. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलंय. पाहुण्यांतले एकजण म्हणतात, काढा घ्या, वर्षात निगेटिव्ह होतील. हे किती दिवस जगतील? मला होईल का? आम्हाला अजून एक मूल हवं होतं. आणि बरे झाल्यावर दुकानावर परत जाता येईल का?"

ताई, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो डोक्यात असेपर्यंत बाकीचं कानावर पडूनही आत जात नाही. गोळ्या वेळेवर चालू झाल्या आणि रोज घेतल्या, तर एचआयव्ही असलेला माणूस जवळजवळ इतरांइतकंच आयुष्य जगतो. मुलांची लग्नं करतो, नातवंडं खेळवतो. मी हे पुस्तकातलं सांगत नाही. ज्यांना पूर्वी खाटेवर घालून आणलं होतं, ती माणसं आज मोटरसायकलवरून औषध न्यायला येतात.

पूर्वी असं नव्हतं. भारतात पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आली. त्यानंतरची कितीतरी वर्षं आपल्याकडं तपासणी होती, पण परवडणारं औषध नव्हतं. तीन औषधांचा एकत्र उपचार १९९६ च्या सुमारास जगात आला, पण त्याची वर्षाची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीनं तेच औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं आणि चित्र पालटायला लागलं. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत औषध सुरू केलं, आधी मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांत, मग जिल्ह्याजिल्ह्यात. २०१७ पासून तर सीडी४ (पुढं सांगतो त्या रक्तातल्या लढाऊ पेशी) कितीही असोत, पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला औषध सुरू करायचं असं धोरण आहे. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर २००४ च्या आधीचे मृत्यू असणार. त्यांची भीती खोटी नाही, फक्त ती जुन्या काळातली आहे.

हा विषाणू शरीरात काय करतो ते थोडं समजून घ्या, म्हणजे रोजची गोळी का, हे कुणाला परत परत सांगावं लागणार नाही. आपल्या रक्तात सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगाशी लढायचा हुकूम त्या देतात. निरोगी माणसात त्या दर घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही नेमका याच पेशीत शिरतो, स्वतःचा नमुना पेशीच्या जनुकांत घुसवतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो. असं बहुधा आठ-दहा वर्षं गुपचूप चालतं. माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो. सीडी४ २०० च्या खाली आल्या, की एरवी शरीर ज्यांना जुमानत नाही असे आजार डोकं वर काढतात. आपल्याकडं त्यात पहिला नंबर टीबीचा. एचआयव्ही म्हणजे लागण आणि एड्स म्हणजे त्या लागणीची ही शेवटची अवस्था. तुमच्या मिस्टरांची सीडी४ तपासणी झाली असेल किंवा होईल. आकडा कमी आला तर खचू नका, औषधानं तो वर येतो.

सरकारी एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात तिथं, आता मिळते ती टीएलडी नावाची गोळी: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. पहिली दोन औषधं विषाणूला आपली प्रत काढू देत नाहीत, तिसरं त्याला पेशीच्या जनुकांत घुसू देत नाही. त्यामुळं रक्तातले विषाणू झपाट्यानं कमी होतात. पण जे आधीच काही पेशींच्या आत झोपून राहिलेत, त्यांच्यापर्यंत कुठलीच गोळी पोचत नाही. औषध थांबलं की काही आठवड्यांत तेच उठतात. म्हणून गोळी आयुष्यभर.

आता सगळ्यात नाजूक काळ, म्हणजे येते सहा महिने. टीबीची औषधं आधी आणि एचआयव्हीची साधारण दोन आठवड्यांच्या आत, हा क्रम बरोबर आहे. उशीर केला असं समजू नका. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. ते डोल्युटेग्राविरला शरीरातून लवकर बाहेर काढतं. म्हणून टीबीचा उपचार चालू असेपर्यंत टीएलडीच्या गोळीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी घ्यावी लागते. म्हणजे टीएलडी रात्री नऊला, तर ही सकाळी नऊला. टीबीचा कोर्स संपल्यावरही ती जादा गोळी आणखी दोन आठवडे चालू ठेवायची. इथं हमखास घोटाळा होतो. दोन बाटल्या बघून माणसं म्हणतात, "एकाच रोगाच्या दोन गोळ्या कशाला?" आणि एक बंद करतात. तुम्ही दोन्ही बाटल्यांवर मार्करनं मोठं "सकाळ" आणि "रात्र" लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कधी कधी ताप पुन्हा चढतो, मानेच्या गाठी फुगतात, खोकला वाढतो. घरचे म्हणतात, गोळी मानवली नाही, बंद करा. बऱ्याचदा झालेलं असतं उलटंच: दमलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि टीबीच्या जंतूंवर तुटून पडते, त्याचा हा ताप असतो. गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही, लगेच केंद्रावर दाखवायचं. फार डोकं दुखून उलट्या होणं, नजर अंधुक होणं, धाप लागणं, डोळे पिवळे होणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी सिव्हिल गाठा. बाकी सुरुवातीला थोडी मळमळ, डोकेदुखी किंवा झोप न लागणं होतं, ते बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत निवळतं. झोप फारच उडाली तर गोळीची वेळ सकाळी करून घेता येते, पण डॉक्टरांना विचारून, कारण मग जादा गोळीची वेळही बदलते. टेनोफोविरमुळं मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं, त्यासाठी क्रिएटिनिन तपासतात.

ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम किंवा रक्तवाढीची लोहाची गोळी डोल्युटेग्राविरसोबत घेऊ नका. डोल्युटेग्राविर असलेली गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. मेडिकलमधून आणलेलं साधं अँटासिडही यात आलं, हे फार जणांना माहीत नसतं. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, त्याचा डोस कमी करावा लागू शकतो. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. नाव नोंदलं आहे का, हे विचारून घ्या.

रोजच्या गोळीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. केंद्रावर औषध न्यायला येताना आधीची बाटली घेऊन यायची असते. काउंसेलर ती टेबलावर कागदावर पालथी करते आणि उरलेल्या गोळ्या मोजते. तीसची बाटली, मधे गेलेले दिवस, उरायला हव्यात किती, उरल्यात किती. दोन जास्त उरल्या तर ती ओरडत नाही, फक्त विचारते, "कुठल्या दोन दिवशी राहिली?" तेव्हा खरं सांगा म्हणावं. जत्रेला गेलो होतो, लग्नात पाहुण्यांसमोर बाटली काढता आली नाही, दारू झाली होती, काहीही असो. कारण कळलं तर त्यावर उपाय काढता येतो. आम्हाला सगळ्यात अवघड जातो तो माणूस, जो राहिलेल्या गोळ्या रस्त्यात टाकून रिकामी बाटली आणतो.

द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीच्या रोगावर फवारणी अर्धवट, मधे खाडे पाडून केली, तर रोग मरत नाही, उलट औषधाला दाद देईनासा होतो. इथं तेच होतं. रक्तात औषध कमी-जास्त होत राहिलं की विषाणू बदलतो आणि तीच गोळी त्याच्यावर चालेनाशी होते. मग दुसऱ्या फळीची औषधं लागतात. ती आहेत, तीही मोफत आहेत, पण गोळ्या वाढतात आणि त्रासही. एखाद्या दिवशी विसरलंच, तर १२ तासांच्या आत आठवल्याबरोबर घ्यायची. त्याहून उशीर झाला तर पुढची ठरलेल्या वेळेला. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आता तुमचं. इतकी वर्षं संसार होऊन तुम्ही निगेटिव्ह कशा, असा संशय काहींना येतो, कधी कधी रिपोर्टवरच. रिपोर्टमध्ये चूक शोधायची गरज नाही. पॉझिटिव्ह पुरुषाकडून स्त्रीला एका संबंधात लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत आठच्या आसपास धरतात. रक्तात विषाणू भरपूर असतील, गुप्तरोगाची जखम असेल, तर ती बरीच वाढते. त्यात तुमचे मिस्टर वर्षातले बरेच महिने बाहेर. त्यामुळं तुम्ही सुटला असणं सहज शक्य आहे. पण लागण नुकतीच झाली असेल तर तपासणीत यायला काही आठवडे लागतात. म्हणून शेवटच्या विनाकंडोम संबंधाला तीन महिने झाले की पुन्हा तपासणी करा आणि नंतर दर सहा महिन्यांनी करत राहा. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या मोफत तपासणी केंद्रात, नाव गुप्त राहतं.

मुलीची काळजी सोडा. लहान मुलाला लागण होते ती बहुधा आईकडून: पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. तुम्ही निगेटिव्ह आहात, म्हणजे त्या वाटेनं तिला काही झालेलं नाही. बापाच्या मांडीवर बसून, त्यानं पापा घेतल्यानं, त्याच्या ताटात जेवल्यानं एचआयव्ही होत नाही. थुंकी, घाम, डास, संडास, टॉवेल यातून तो पसरत नाही. तो पसरतो वीर्य, योनीस्राव, रक्त आणि अंगावरच्या दुधातून, एवढंच. सध्या मुलीला जपायचंय ते टीबीपासून, कारण टीबी हवेतून पसरतो. घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी करून घ्या आणि प्रतिबंधाच्या गोळ्या कुणाला द्यायच्या ते विचारा. पहिले काही आठवडे मिस्टरांनी तोंडाला रुमाल लावावा, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सासूबाईंना हेच सांगायचं. ताट-तांब्या वेगळा करून टीबी थांबत नाही आणि एचआयव्ही तर त्या वाटेनं जातच नाही. पण हे सुनेच्या तोंडून ऐकायला जड जातं, तेव्हा पुढच्या खेपेला त्यांनाच सोबत आणा आणि काउंसेलरसमोर बसवा. मिस्टरांची हरकत नसेल तरच हां. कारण कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हा त्यांचा अधिकार आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणं संमतीशिवाय तपासणी करणं, रिपोर्ट बाहेर फोडणं, या कारणावरून उपचार नाकारणं किंवा कामावरून काढणं, शाळेत प्रवेश नाकारणं हे सगळं बेकायदा आहे.

तुमच्या बचावासाठी आज लगेच करायची गोष्ट म्हणजे कंडोम, प्रत्येक वेळी. सरकारी केंद्रावर फुकट मिळतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्यानं रबर फाटतं. शिवाय प्रेप म्हणून एक उपाय आहे: निगेटिव्ह जोडीदारानं रोज एक गोळी घ्यायची, म्हणजे लागणीचा धोका खूप कमी होतो. मिस्टरांच्या रक्तातले विषाणू दबेपर्यंतच्या महिन्यांसाठी तुम्हाला ती लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच ठिकाणी ती विकत घ्यावी लागते. आणि कधी कंडोम फाटला, तर ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सिव्हिलला जा. २८ दिवसांचा पेप नावाचा कोर्स असतो. चौथ्या दिवशी गेलात तर त्याचा उपयोग नाही.

यापुढचं मी प्रत्येक जोडप्याला सांगतो आणि प्रत्येक वेळी समोरच्याला ते खरं वाटायला वेळ लागतो. गोळ्या नीट घेऊन व्हायरल लोड तपासणीत (रक्तात विषाणू किती आहेत ते मोजणारी तपासणी) विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्या माणसाकडून संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. "कमी होते" असं नाही, होतच नाही. यावर मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्या पुण्याची नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, हीही होती. २०११ मध्ये निकाल आला, की जोडीदाराला होणारी लागण लवकर औषध दिल्यानं ९६ टक्के टळते. २०१६ मध्ये युरोपातल्या ८८८ जोडप्यांचा अभ्यास आला. एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह, विषाणू दबलेला, कंडोमशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून झालेली एकही लागण नाही. म्हणून मिस्टरांची गोळी ही त्यांचं औषध आहे, तशी तुमची ढालही तीच आहे. व्हायरल लोडची पहिली तपासणी औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्यात, पुढं वर्षाला एकदा.

दुसरं मूल याच वाटेनं होईल. टीबी बरा होऊ दे, व्हायरल लोड दबू दे आणि सहा महिने तसा टिकू दे. मग डॉक्टरांशी बोलून नैसर्गिक रीतीनंच दिवस राहू द्या. गरोदरपणात तुमची तपासणी पुन्हा पुन्हा होईल. तुम्ही निगेटिव्ह राहिलात तर बाळाला यातलं काहीच लागू होत नाही. जिथं आईच पॉझिटिव्ह असते, तिथंसुद्धा उपचाराशिवाय शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना होणारी लागण आज पाचच्याही खाली आणता येते.

काढ्याबद्दल एकच सांगतो. जगात एचआयव्हीतून पूर्ण मुक्त झालेली माणसं हातावर मोजण्याइतकी आहेत, आणि जवळपास सगळी रक्ताच्या कॅन्सरसाठी अस्थिमज्जा बदलल्यानंतर. काढ्यानं एकही नाही. एड्स बरा करतो असा दावा करून औषध विकायला आपल्याकडच्या औषध नियमांतच बंदी आहे. काढ्याला पैसे तर जातातच, पण खरी किंमत पुढं आहे. ते लोक आधी गोळ्या बंद करायला लावतात. सहा महिन्यांनी माणूस आमच्याकडं परत येतो तेव्हा सीडी४ पन्नासवर आलेले असतात. पाहुण्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि गोळी चालू ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक गोष्ट मनात असणार: हे आलं कुठून. विटा, आटपाडी, खानापूर भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलीत. पाटण-जावळीची माणसं मुंबईला माथाडी कामाला गेली, ट्रकवाले पुणे-बंगळूर रस्त्यावर. वर्षातले दहा महिने घरापासून लांब, दुकानाच्या माळ्यावर आठ-दहा जण. अशा जगण्यात लागण होते. सुईतून, न तपासलेल्या रक्तातूनही होते. ती कशी झाली याचा शोध घेऊन उपचारात काही फरक पडत नाही, घर मात्र मोडतं. आणि वेश्यावस्तीतल्या बायकांच्या नावानं बोटं मोडायचीही सवय आहे. सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेचं काम आहे, आणि १९९६ मध्ये याच बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. कंडोमशिवाय गिऱ्हाईक घ्यायचं नाही हे त्यांनी एकमेकींना शिकवलं, कंडोम स्वतः वाटले. आपल्या जिल्ह्यात प्रतिबंधाचं काम कुणी केलं असं विचाराल, तर मी आधी त्यांचं नाव घेईन. लग्नाच्या बायकोला नवऱ्यापाशी कंडोमचं नाव काढणं त्यांच्याहून अवघड जातं, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. म्हणून तुम्ही बोला. अवघड वाटलं तर काउंसेलर दोघांना बसवून बोलेल.

दुकानावर परत जाता येईल. गलाईच्या कामाला एचआयव्ही आड येत नाही. कापलं-भाजलं तर जखम धुऊन पट्टी बांधायची, सोबतच्यांना त्यापासून काही होत नाही. पण टीबीचा कोर्स पूर्ण होऊन पहिली व्हायरल लोड तपासणी झाल्याशिवाय त्यांना पाठवू नका, कितीही फोन आले तरी. भट्टीचा धूर आणि तेजाबाची वाफ टीबीनं दुखावलेल्या फुप्फुसाला सोसत नाही. आणि आमच्याकडं गोळ्या तुटलेले जे पेशंट येतात, त्यांतले कितीतरी असेच घाईनं परगावी गेलेले असतात.

जायच्या आधी आपल्या केंद्रावरून तमिळनाडूतल्या जवळच्या एआरटी केंद्रावर रीतसर बदली करून घ्या. कागद इथूनच तयार होतात, औषध तिथंही मोफत मिळतं. कायमचं जायचं नसेल, तर तब्येत स्थिर झाल्यावर तीन महिन्यांचं औषध एकदम देता येतं, तसं विचारा. केंद्रावरून मिळालेलं उपचाराच्या नोंदीचं हिरवं पुस्तक कायम सोबत ठेवायचं, म्हणजे गोळ्या वाटेत संपल्या तरी दुसऱ्या केंद्रावर तात्पुरत्या मिळतात. लेबल लपवायला माणसं गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरतात. तसं करू नका, त्या दमट होऊन खराब होतात. बाटलीतली छोटी पुडी आतच राहू द्या, लेबलवर हवं तर कागद चिकटवा, आणि बाटली भट्टीच्या वरच्या माळ्यावर न ठेवता सावलीत, गार जागी ठेवा. मधेच काही अडलं तर १०९७ हा फोन फुकट आहे, त्यावर मराठीतूनही बोलता येतं.